कोन्गलच्या दारापुढचा उपास

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, जिथे जमीन संपते आणि पुढे नुसते पाणीच पाणी, तिथे द्रुमकोल नावाचे एक गाव होते. बाराशे वर्षे झाली या गोष्टीला. गावाच्या वरच्या अंगाला, वाऱ्याच्या तोंडी, ओसान महाराज राहत असत. दगडावर दगड रचून केलेली त्यांची गोल झोपडी पालथ्या घातलेल्या टोपलीसारखी दिसे. आत दोन माणसे बसली की तिसऱ्याला जागा नसे. कुणी म्हणाले, "बाबा, जरा मोठी बांधून देऊ का?" तर महाराज म्हणत, "मोठी बांधाल तुम्ही, झाडावी मला लागेल."

असे महाराज!

जन्माने ते तिथले नव्हते. समुद्रापलीकडच्या सॅक्सन लोकांच्या मुलखात त्यांचा जन्म झाला. त्या काळचे साधू देवासाठी नुसते घर सोडून थांबत नसत, देशच सोडत. महाराजांनीही तरुणपणी देश सोडला आणि पुन्हा त्या मातीवर पाय ठेवणार नाही असा पण केला. मूळ नाव ओस्विन. द्रुमकोलच्या लोकांनी त्याचे ओसान करून टाकले. चाळीस वर्षे महाराज तिथल्याच भाषेत बोलत, उपदेश करत, रागवत. फक्त पायाला ठेच लागली की तोंडातून जो शब्द निघे, तो गावात कुणालाच कळत नसे. तो त्यांच्या आईच्या भाषेतला.

आता रोनातची गोष्ट सांगायची. पण थांबा, भाविकहो. आधी लापशीबद्दल सांगितले पाहिजे.

*

त्या देशात चाल अशी होती की मूल, मोठ्या घरातले तर नक्कीच, स्वतःच्या घरी वाढवायचे नाही. ते दुसऱ्याच्या घरी द्यायचे. मुलगा सतरा वर्षांचा होईतो, मुलगी चौदाची होईतो तिथेच. तिथेच ते चालायला शिके, मार खाई, तापाने फणफणे, पहिला दात पाडून घेई. जन्म देणारी आई वेगळी आणि पोसणारी आई वेगळी. 'माय' म्हणून हाक मारायची ती पोसणारीला.

आणि अशा मुलाला काय खाऊ घालायचे, याचा कायदा होता. न्याय सांगणाऱ्यांना तो तोंडपाठ असे:

राजाच्या मुलाला गव्हाची लापशी, ताज्या दुधात, वर मध.

सरदाराच्या मुलाला जवाची लापशी, ताज्या दुधात, वर ताजे लोणी.

साध्या माणसाच्या मुलाला ओटच्या भरडीची लापशी, पाण्यात नाहीतर ताकात, वर खारवून ठेवलेले जुने लोणी.

रोनात साधे माणूस. एक गाय, चार मेंढ्या. नवरा समुद्राने नेलेला, पोटी मूल नाही. तिच्या घरी सरदार कोन्गलची मुलगी कशी आली? तर कोन्गलची बायको लहानपणी रोनातच्याच घरी वाढलेली. दोघी एका घोंगडीखाली झोपलेल्या. बाळंतपणात ती गेली. जाताना नवऱ्याचा हात धरून म्हणाली, "पोर रोनातला द्या. दुसऱ्या कुणाला देऊ नका." मरणाऱ्या बाईचा शब्द! कोन्गलने तो पाळला, पण दात आवळून.

पोरीचे नाव लासार.

रोनातने कायदा सोडला नाही. स्वतः ओट खाई, पोरीला जव. स्वतःला ताक, पोरीला दूध. लासार पाच वर्षांची झाली, तो हिवाळा मात्र वाईट आला. गाय आटली, जव संपले. एका सकाळी घरात रोनातच्या वाडग्यातल्या लापशीशिवाय काहीही उरले नव्हते. तिने शरमेने तो वाडगा पोरीपुढे सरकवला आणि तोंड फिरवून बसली.

मागून वाडगा चाटल्याचा आवाज आला. मग पोर म्हणाली, "माय, इतके दिवस हे तू एकटीच खात होतीस?"

झाले! वसंतात गाय व्याली, दूध आले, लोणी आले. पण लासार त्या सरदारी लापशीला शिवायला तयार होईना.

*

चौदा वर्षे पूर्ण झाली आणि कोन्गलने मुलीला गढीवर परत नेले. मोठी मेजवानी दिली. चार सरदार बोलावले. भरल्या सभेत लाडाने विचारले, "बोल लेकी, काय मागवू तुझ्यासाठी?"

लासार म्हणाली, "खाऱ्या लोण्याची लापशी."

एक पाहुणा फिसकन हसला. दुसरा म्हणाला, "कोन्गल, मुलगी तुझीच ना? का गुराख्याची बदलून आणलीस?"

त्या दिवसापासून हुकूम निघाला. रोनातने गढीच्या दारात पाऊल टाकायचे नाही. लासारने दाराबाहेर जायचे नाही.

*

द्रुमकोलपासून कोन्गलची गढी दोन तासांच्या वाटेवर.

पहिल्या वर्षी रोनातने लोकरीचा अंगरखा विणला आणि पाठवला. पहारेकऱ्याने तो जसाच्या तसा परत पाठवला.

दुसऱ्या वर्षी दुसरा विणला. खांदे दोन बोटे रुंद धरले. या वयात मुली भरतात.

तिसऱ्या वर्षी ती दारात उभी राहिली, हात वर करून हवेतच एक उंची ठरवली. मग म्हणाली, "नाही, आणखी थोडी." मग म्हणाली, "आईवर गेली असेल तर एवढीच."

चौथ्या वर्षी माग लावला आणि तिला अंदाजच येईना. किती सूत घ्यावे, कुठे थांबावे, काही कळेना. लासारचे माप तिच्या हातातून गेले होते. चार वर्षांत ती रडली ती त्या दिवशी.

*

आणि त्याच आठवड्यात बातमी आली. उत्तरेकडून लांब नावा घेऊन येणारे नॉर्स लोक आधी लुटालूट करून जात. आता काही सरदार त्यांच्याशी सोयरीक जोडू लागले होते. कोन्गलने अठरा वर्षांच्या लासारला उत्तरेच्या बेटांवरच्या एका नॉर्स घराण्यात दिले. तिसऱ्या दिवशी त्यांची नाव येणार आणि त्याच दिवशी ओहोटीबरोबर तिला घेऊन जाणार.

रोनात टेकडी चढून महाराजांकडे गेली. महाराज समुद्रातले खाण्याचे शेवाळ निवडत बसले होते.

"बाबा, मला एक प्रार्थना शिकवा."

"कसली गं?"

"विसरण्याची."

महाराजांचा हात थांबला. "ती मला येत नाही, रोनात."

"तुम्हाला येत नाही? तुम्ही तर देश विसरलात, घर विसरलात…"

"कुणी सांगितलं तुला?"

रोनातने त्यांच्याकडे पाहिले.

महाराज म्हणाले, "आमच्या घरामागे सफरचंदाचं एक झाड होतं. इतकं आंबट की डुकरंसुद्धा खात नसत. चाळीस वर्षं रोज सकाळी प्रार्थनेला बसलो की देवाच्या आधी ते झाड येतं. पहिली दहा वर्षं मी त्याला हाकललं. आता म्हणतो, ये बाबा, बस इकडे, दोघं मिळून नाव घेऊ."

वारा दगडांच्या फटींतून शिटी घालत राहिला. मग महाराजांनी विचारले, "तुला काय हवंय ते नीट सांग. पोर परत हवी?"

रोनातने विचार केला. खरा विचार केला. "नाही बाबा. मोठी झाली ती. तिचं घर व्हायला हवं. मला फक्त एकदा भेटायचंय. ती जायच्या आधी, एकदा, डोळे भरून."

"मग त्याच्या दारात उपास धर."

भाविकहो, हीही तिथली चालच. बलवान माणूस दाद देत नसेल तर गरिबाने त्याच्या दारापुढे उपाशी बसायचे, आपल्याकडे धरणे धरतात तसेच. दारात माणूस उपाशी असताना घरधन्यानेही जेवायचे नाही, त्याला उत्तर द्यायचे. उत्तर न देता जो जेवला, त्याचा शब्द पुढे कुठल्या सभेत कुणी धरत नसे.

"मी बसू? सरदाराच्या दारात?" रोनातने विचारले.

"कायदा काय फक्त लापशीपुरताच आहे?" महाराज शेवाळ बाजूला ठेवून उठले. "चल. मीही येतो. हे निवडण्याचा कंटाळाच आला होता."

*

पहिला दिवस.

गढी म्हणजे मातीचा उंच गोल बांध, त्यावर कुंपण, त्यात एक जाडजूड लाकडी दार. दारासमोरच्या गवतावर रोनातने शाल अंथरली. शेजारी महाराज बसले.

पहारेकरी वरून म्हणाला, "मावशी, उपासाला बसताय, शिदोरी आणलीत का?"

"तुझी जपून ठेव," महाराज म्हणाले, "ती तुझ्या धन्याला उद्या लागेल."

थोड्या वेळाने कोन्गल स्वतः बाहेर आला. उंचापुरा माणूस, पिकलेल्या मिशा, खांद्यावर चांदीची मोठी पदकासारखी टाचणी. रोनात उठून उभी राहिली.

"बस, बस, म्हातारे. उपास धरायला अंगी हक्क लागतो. तुझा हक्क तू लापशीत कालवून टाकलास. सरदाराच्या लेकीला गुराख्याचं खाणं घातलंस!"

"चुकले मी, सरदार. चार वर्षं भोगतेय. एकदा भेटू द्या."

"माझ्या मुलीची जीभ बाटवलीस तू! चारचौघांत हसं झालं माझं. मी मधावर वाढलोय, मधावर!"

"मध राजाच्या मुलाला," महाराज शांतपणे म्हणाले. "सरदाराच्या मुलाला लोणी. तुम्हाला मध कुणी घातला?"

वर पहारेकऱ्याला खोकला आला. कोन्गल लालबुंद झाला.

"तू कोण रे परक्या मुलखातला गोसावडा? तुझ्या घरच्यांनी तुला ठेवून घेतलं नाही, म्हणून आमच्या दारात बसायला आलास?"

रोनातने महाराजांकडे पाहिले. त्यांनी एकदाच डोळे मिटले आणि उघडले.

संध्याकाळी गढीवरून भाजक्या मांसाचा वास आला. कोन्गल जेवला.

दुसरा दिवस.

वारा पडला होता. बांधाच्या आत, बायकांच्या घराकडून, हसण्याचा आवाज आला. तरुण मुलीचे हसणे. रोनात कान टवकारून बसली. पुन्हा आला.

"तीच का?" महाराजांनी विचारले.

रोनातला सांगता येईना. रडणे असते तर तिने ओळखले असते. अठरा वर्षांच्या लासारचे हसणे तिने कधी ऐकलेच नव्हते.

त्या संध्याकाळीही कोन्गल जेवला.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी नाव आली. पुढचे टोक बगळ्याच्या मानेसारखे वळलेले. सुकाणूवरचा म्हातारा केतिल नवऱ्या मुलाचा काका होता. रुंद, दाढीला वेणी घातलेला, तिथली भाषा मोडकीतोडकी बोलणारा.

कोन्गलने मुद्दाम मेजवानी बाहेर मांडली. दारासमोरच्याच गवतावर, रोनातपासून दहा पावलांवर. फळ्या मांडल्या, डुक्कर भाजले, भाकऱ्यांच्या चळती आल्या, मधाची दारू आली. रोनातला आता डोळ्यांपुढे माणसे लांब-आखूड होताना दिसत होती. तिने जमिनीवर हात टेकून स्वतःला सरळ धरले. दुपार कलली की ओहोटी. ओहोटी लागली की नाव जाणार. तिच्या मनात तेवढेच फिरत होते.

"ही कोण बसली?" केतिलने विचारले.

"माझ्या मुलीला पोसणारी."

केतिल हसला. "आमच्याकडे दुसऱ्याचं पोर पोसतो, तो माणूस खालचा."

"इकडेही तसंच ठरवायला हवं आता!" कोन्गल म्हणाला आणि सगळे हसले. मग त्याने डुकराची तंगडी उचलून रोनातच्या दिशेने धरली. "ये म्हातारे. एक घास खा आणि घरी जा. पोरगी तुला विसरली, तू कशाला जीव काढतेस?"

रोनातने नाही म्हणून मान हलवली. बोलायला तोंडात ओल नव्हती.

कोन्गल महाराजांकडे वळला. "बाबा, तुम्ही तरी कामाला या. साधू आहात ना? आशीर्वाद द्या आमच्या ताटाला. का उपाशी पोटी दुसऱ्याचं ताट बघवत नाही?"

महाराज उठले. काठीवर भार दिला. रोनातने त्यांची बाही धरली. "नका बाबा. थट्टा करतोय तो."

"करू दे की. मागितला आहे ना? मग द्यायला हवा."

हसणे जरा कमी झाले. त्या देशाचे साधू शाप देण्यात फार पक्के, हे सगळ्यांना माहीत होते. दोघा-तिघांनी तर कानांवर हात ठेवले. महाराजांनी आभाळाकडे पाहिले आणि हात पसरला.

"देवा, ही माणसं जेवायला बसली आहेत. कुणी उपाशी उठू नये. आणि ज्या हातानं प्रत्येकाला पहिला घास भरवला, तो हात आज त्याच्या ताटात उतरू दे."

एवढेच. महाराज खाली बसले.

"एवढंच?" कोन्गल ओरडला. "मला वाटलं माझी मिशी जाळताय!" आणि हशात सगळ्यांनी घास घेतला.

*

"हे काय आहे?"

"डुक्कर आहे. काय होणार?"

"हे डुक्कर नाही. ही भाकरी आहे. ताकात कुस्करलेली. एका बाजूनं करपलेली… अरे, ती करपलेली बाजूसुद्धा आहे!"

"माझ्यात सुका मासा लागतोय."

"भलतंच काय!"

"तू खा ना, खाऊन बघ."

"मला रानकांदा. ती हिवाळ्यात सगळ्यात घालायची. मी म्हणायचो, वास येतो. ती म्हणायची, येऊ दे, थंडी पळते."

"कोण ती?"

"माझी माय."

"आहे का रे ती अजून?"

"असेल."

"असेल म्हणजे?"

आता कुणी हसत नव्हते. चमत्कार! केवढा हा चमत्कार! भाजलेले डुक्कर समोर, आणि वीस धटिंगणांच्या तोंडात वीस चुली पेटलेल्या. कुणाच्या घासात दूध धुरकट लागत होते, कुणाच्या घासात वाळू कचकचत होती, समुद्रकाठच्या घराची. एक जाडा माणूस तोंडात घास धरून बसला. गिळला तर संपेल या भीतीने गिळेना. पाणी त्याच्या डोळ्यांतून दाढीत उतरत होते.

केतिलने दारू प्यायचे शिंग खाली ठेवले. आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला. मग अडखळत म्हणाला, "आमच्या घरी एक दासी होती. या देशातून पकडून आणलेली. तिनं मला वाढवलं. समुद्राकडे तोंड करून बसायची ती. मी तिला कधी माय म्हटलं नाही." तो थांबला. "आमच्याकडे म्हणत नाहीत."

*



कोन्गलने पहिला घास घेतला आणि ताट दूर सारले. शेजाऱ्याच्या ताटातले मांस उचलले, चावले, टाकले. भाकरी तोडली. मधाची दारू तोंडाला लावली आणि शिंग हातातून पडले. दारू गवतात झिरपून गेली.

रोनात त्याच्याकडे बघत होती. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. तिच्या चुलीपुढे, वाडगा दोन्ही हातांत धरून बसलेल्या पाच वर्षांच्या पोरीचा चेहरा.

कोन्गल उठला. दहा पावले चालून आला आणि तिच्यासमोर गवतावर मांडी घालून बसला. इतक्या हळू बोलला की तिला आणि महाराजांनाच ऐकू आले.

"खारं लोणी."

रोनात थोडी पुढे वाकली.

"मुइरेन नाव होतं तिचं. माझ्या मायचं. एका वर्षी काहीच पिकलं नाही. तिनं तिचा वाडगा दिला मला. म्हणाली, राजा, कुणाला सांगू नकोस हं, मला बोल लागेल." त्याने मिशीवरून हात फिरवला. "नाही सांगितलं. पन्नास वर्षं कुणालाच नाही. इतकं नाही सांगितलं, की मग खरंच वाटायला लागलं, मी मधावर वाढलो."

"भेटलात का नंतर?" रोनातने विचारले.

"सतराव्या वर्षी इकडे आलो. मग घोडे होते, शिकार होती. उद्या जाऊ, उद्या जाऊ. ती गेल्याचा निरोप आला, तेव्हाही मी रानात होतो."

महाराज म्हणाले, "सरदार, एक माय अजून जिवंत आहे. दारात बसली आहे."

कोन्गलने वळून आरोळी ठोकली. आवाज फाटला. "दार उघडा! लासारला आणा!"

*

ती आली.

रोनातपेक्षा डोकेभर उंच. केस वर बांधलेले, परक्या देशाला जायचे म्हणून अंगावर निळी वस्त्रे. दारात थबकली. चार वर्षे रोनातने या क्षणासाठी वाक्ये जोडून ठेवली होती, चांगली, शहाणी वाक्ये. त्यातले एकही तिला आठवले नाही.

"मला सांगितलं होतं," लासार म्हणाली, "की तू दुसरी मुलगी आणलीस सांभाळायला."

"दुसरी?" रोनात म्हणाली. "कुठं ठेवणार होते गं तिला? घरभर तूच आहेस."

मग लासार धावली.

ओहोटीला अजून वेळ होता. त्या दोघी बांधाच्या आडोशाला जाऊन बसल्या. रोनातने मुलीच्या केसांची बांधणी सोडली आणि पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. काय बोलल्या, ते ही कथा सांगत नाही. सांगणाऱ्याने तिथे पदरचे घालू नये.

एवढेच सगळ्यांना ऐकू आले. शेवटी उठताना लासार म्हणाली, "मी जाणार आहे, माय. मला ढकललं म्हणून नाही. मी पाहिलंय त्याला, मागच्या वर्षी आला होता. बरा आहे. मला फक्त तुला न भेटता जायचं नव्हतं."

आणि रोनात म्हणाली, "जा. नीट जेव तिकडे."

कोन्गलने स्वतःच्या हाताने भाकरी आणली आणि उपास सोडवला. अर्धी रोनातला, अर्धी महाराजांना. रोनातने पाहिले, महाराजांनी एक बारीकसा तुकडा तोंडात ठेवला आणि कितीतरी वेळ तो चावलाच नाही. चेहरा पूर्वेकडे वळवला, जिकडे समुद्रापलीकडे सॅक्सन मुलूख होता. मग, गावात कुणालाच कळत नसे अशा त्या आईच्या भाषेत, ते एकच शब्द बोलले.

कुठे ठेच लागली नव्हती.

*

नाव गेली.

आधी वल्ह्यांचा आवाज ऐकू येत होता, मग फक्त वल्ही दिसत होती, मग नुसते शीड. लासार मागच्या टोकाला उभी होती आणि हात हलवत नव्हती. नुसती बघत होती. रोनातही तशीच. ओहोटीने ओली वाळू उघडी पडत चालली होती. गढीवरची माणसे किनाऱ्यावर जमली होती. मेजवानीतले दोघे-तिघे मात्र घोड्यांवर बसून आपापल्या वाटेने कधीच निघून गेले होते. कुणी विचारले नाही, कुणी सांगितले नाही.

कोन्गल रोनातच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"माय," तो म्हणाला. पन्नास-साठ वर्षांचा माणूस. "मुइरेननं माझी वाट बघितली असेल का?"

खोटे बोलणे सोपे होते. रोनातने महाराजांकडे पाहिले. महाराज समुद्राकडे बघत होते.

"बघितली असेल," ती म्हणाली. "पहिल्यांदा वाटेकडे. मग नुसती दाराकडे. मग कुठेच न बघता."

भर सभेत राजापुढेही ज्याने मान लववली नव्हती, तो कोन्गल त्या ओल्या वाळूत गुडघ्यांवर बसला, आणि मग खाली वाकला, आणखी खाली, आणि कपाळ रोनातच्या अनवाणी पायांवर टेकले. पाठ गदगदत होती. किनाऱ्यावर कुणी हलले नाही.

रोनात गोंधळली. पाय मागे घ्यावेत तर माणूस वाळूत पडेल.

"उठा सरदार," ती म्हणाली. "ओलं आहे खाली. सर्दी होईल."

तो उठला नाही.

"राहू दे त्याला," महाराज म्हणाले.

मग तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. शीड एका ठिपक्याएवढे उरले होते. तिला ते अजून दिसत होते. ती त्यावरून नजर काढायला तयार नव्हती, आणि पाय मागे घ्यायलाही.